कागदावरचा पाइप फिटर

कतारमधल्या मेसईदच्या एका कारखान्याने वली परकारला रत्नागिरीहून आणलं ते गोल अडवायला. कागदावर मात्र पाइप फिटर लिहिलं. अठरा वर्षं तो सकाळी स्टोअरमध्ये सही करायचा, बोटांना टेप गुंडाळायचा आणि मैदानावर जायचा. पान्याला त्याने कधी हात लावला नाही.

या सप्टेंबरात कंपनीने आपला फुटबॉल संघ मोडला. ज्याच्या कागदावर जे काम, त्याची त्याने परीक्षा द्यायची. नापास झाला की व्हिसा खलास. मुलगी शफा दहावीला. मार्चच्या आत देश सोडावा लागला, तर पोरीचं वर्ष गेलंच.

रविवारी सकाळी सहा दहाला वली वर्कशॉपमध्ये उभा राहिला. परीक्षक मॅकफी हा पांढऱ्या मिशांचा, नवाच आलेला स्कॉटिश म्हातारा. त्याने दोन पाइप आणि टेपचं रीळ पुढे ठेवून जोड करायला सांगितलं. वलीचे हात बोटांना टेप गुंडाळायच्या सवयीने चालले. पाणी सोडताच जोडातून धार लागली.

मॅकफीने जोड उघडला. टेप आट्यांच्या उलट दिशेने गुंडाळलेली होती, पण कशी चापून, एकसारखी. मग त्याची नजर वलीच्या वाकड्या बोटांवर गेली.

“गोलकीपर?”

वलीने मान डोलावली.

मॅकफीने स्टूल ओढलं आणि सांगू लागला. त्याच्या खापरपणजोबांनाही इंग्लंडच्या एका कापडगिरणीने असंच गोल अडवायला नेलं होतं. खेळायचे पैसे उघड देणं तेव्हा नियमात बसत नव्हतं, म्हणून हजेरीपटावर ते विणकर.

“मग?” वलीने विचारलं.

“शनिवारी सामन्यात मनगट मोडलं. सोमवारी यंत्रमागापुढे उभं केलं. एक धागा जोडता आला नाही. मंगळवारी घरी.”

म्हाताऱ्याने परीक्षेचा कागद सही न करताच घडी घालून खिशात टाकला. रीळ वलीच्या हातात देऊन म्हणाला, “उद्या सहाला पुन्हा ये. आणखी एकदाच.”

संध्याकाळी घरी बायकोला, अनीसाला, लाटणं सापडेना. वली ते मांडीवर घेऊन टेप गुंडाळत बसला होता.

“द्या ते इकडे. चपात्या व्हायच्या आहेत.”

“थांब जरा.”

त्याने टेप सोडवली, पुन्हा धरली. बोटं परत उलटीच वळली.