टापटीपरावांचे गोदाम

आमच्या बैठकीच्या खोलीतली एक भिंत ओल धरायची. पोपडे सुटायचे, आणि वडील रोज म्हणायचे, "गवंड्याला बोलवायला हवं." माझ्या धाकट्या बहिणीशी लग्न करू इच्छिणारा तरुण पहिल्यांदा घरी आला, तेव्हा त्याने चहा पिता पिता त्या भिंतीकडे पाहिले. दुसऱ्या खेपेला तो एक भलेमोठे चित्र घेऊनच आला. धबधब्याचे. खिळे ठोकून त्याने ते बरोबर ओलीवर टांगले, मागे सरून मान तिरकी करून पाहिले आणि म्हणाला, "झालं काम!" वडील खूश. बहीण तर आधीपासूनच खूश होती. चित्रासकट गिलावा खाली आला, तोवर लग्न होऊन गेले होते.

तेव्हापासून मी त्यांना मनातल्या मनात टापटीपराव म्हणू लागले. पुढे ते नाव घरभर झाले. त्यांना स्वतःला ते कौतुकाचे वाटते, त्यामुळे कोणाची पंचाईत होत नाही.

माणूस वाईट नाही. दारू नाही, शिवी नाही, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. दोष एवढाच, की वस्तू चांगली दिसली म्हणजे ती चांगली झाली, असा त्यांचा पक्का समज. शाळेत इतकी वर्षे शिकवताना मी अशी मुले पुष्कळ पाहिली. समास आखलेला, अक्षर मोत्यासारखे आणि गणित साफ चुकलेले. मला ती मुले आवडायचीसुद्धा. पण त्यांच्या हाती कोणी थिनरचे ड्रम दिले नव्हते.

टापटीपरावांच्या हाती दिले. बुटांचे तळ चिकटवायचे सोल्यूशन बनवणाऱ्या एका कारखान्यात ते गोदाम सांभाळत. मालकांनी एकदा आत डोकावून पाहिले, आणि एवढे चकचकीत गोदाम त्यांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. म्हणून आगीपासून बचावाची सगळी जबाबदारीही त्यांनी यांच्याकडेच सोपवली. दाढी गुळगुळीत केली म्हणून एखाद्याला वैद्य नेमावे, तसे.

मलाही ते गोदाम त्यांनी हौसेने दाखवले होते. जमिनीवर पिवळे पट्टे, लाल बादल्या, कवायतीला उभे राहावेत तसे ड्रम. आग विझवायच्या नळकांड्यांवर धूळ बसू नये म्हणून प्रत्येकाला प्लास्टिकची पिशवी चढवून सुतळीने करकचून बांधलेली. भिंतींच्या तळाशी जाळ्या होत्या आणि जाळ्यांपुढे झाडांच्या कुंड्यांची रांग.

"जाळ्या फार विद्रूप दिसायच्या, ताई. आता कशी हिरवळ वाटते!"

माझी भाची, म्हणजे त्यांचीच लेक, मागे उभी होती. ती रसायनशास्त्र शिकलेली. ड्रममधून लहान डब्यांत थिनर भरण्याच्या कामावर तिची देखरेख असे.

"मावशी, थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते," ती म्हणाली. "जमिनीलगत पसरते. तिला बाहेर जाता यावं म्हणून जाळ्या खाली ठेवतात. बाबांनी तिच्या वाटेवर बाग केली आहे. वाफ बिचारी झाडं बघत आतच थांबते."

"हिला काही सुंदर म्हणून खपतच नाही," टापटीपराव माझ्याकडे बघून म्हणाले.

पण बापलेकीचे खरे भांडण होते ते तांब्याच्या एका पट्टीवरून. थिनर ओतताना नुसत्या वाहण्यानेही त्यात वीज साठते आणि ठिणगी पडू शकते. म्हणून ड्रमला आणि डब्याला तारेचे चिमटे लावायचे आणि तारेचे दुसरे टोक भिंतीवरच्या पट्टीला पकडवायचे; पट्टी ती वीज जमिनीत सोडते. चिमट्याचे दात उघड्या धातूला भिडले, तरच. तांबे जुने झाले की काळेहिरवे पडते. टापटीपरावांना ते बघवेना. त्यांनी पट्टीला पिवळा रंग दिला. लेकीने पॉलिश पेपरने खरवडून काढला. त्यांनी पुन्हा दिला. तिने पुन्हा खरवडला. हे भांडण घरी जेवतानाही चालायचे.

"बाबा, काल डब्याला हात लावला, तर बोटापाशी ठिणगी उडाली."

"कपडे नायलॉनचे असतील तुझे."

"सुती होते. आईला विचारा, तिनेच इस्त्री केली."

"मग नीट वाळले नसतील."

"असं करा, मलाही एक हात मारा पिवळा. पेटले तरी गोदामाला शोभून दिसेन."

"जेवताना पेटण्याबिटण्याच्या गोष्टी नकोत," असे म्हणून बहिणीने तिच्या ताटात भाजी वाढली. विषय तिथेच बुडाला.

मग कारखान्याचे एक मोठे गिऱ्हाईक पाहणीला येणार असे ठरले. पाहुणे खूश झाले तर टापटीपरावांना अधिकारी करू, असा शब्द मालकांनी दिला होता. पुढचे मला भाचीने सांगितले, आणि ती मीठमसाला लावत नाही. सकाळी ती कामावर गेली, तर पट्टी पुन्हा पिवळीजर्द. पॉलिश पेपर शोधायला लागली, तर तो वडिलांनी उचलून नेलेला. एवढ्यात पाहुणे आलेच.

"दाखव गं भरून," टापटीपराव म्हणाले.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"पट्टी रंगवलेली आहे. चिमटा रंगाला धरतोय, धातूला नाही. मी ओतणार नाही आणि इथल्या कोणाला ओतू देणार नाही."

पाहुण्यांतल्या एक बाई पुढे झाल्या. "पट्टीला रंग कशासाठी दिलाय?"

"चुकलं, आत्ता काढतो," एवढे म्हटले असते तरी चालले असते. पण ते शब्द टापटीपरावांच्या शब्दकोशात नव्हते. ते हसले. "लेक आहे माझी. घरचा रुसवा इथे काढतेय," असे म्हणून त्यांनी तिला बाजूला केले, त्या दिवसासाठी मुद्दाम शिवलेल्या कोटाच्या बाह्या सावरल्या आणि डबा हातात धरून स्वतःच ड्रमचा नळ उघडला.

भाची "बाबा!" म्हणून ओरडेपर्यंत डब्याच्या तोंडाशी भक्कन झाले. आग त्यांच्या हातांवर चढली आणि एक ज्वाळ जमिनीवरून सरळ कुंड्यांपर्यंत धावली. त्यांचा हात सुटताच नळ आपोआप मिटला; त्याची स्प्रिंग तेवढी सुशोभित करायची राहून गेली होती. पाहुणे दाराबाहेर पळाले. भाचीने बापाला ओढून मागे आणले, नळकांडे उचलले, तर पिशवीची सुतळी सुटेना. तिने ती दातांनी तोडली आणि फवारा मारला.

आग विझली तेव्हा टापटीपराव दोन्ही हात पुढे धरून खाली बसले होते. त्यांचे पहिले शब्द असे: "भिंत काळी झाली गं."

मी दवाखान्यात गेले. हातांना कोपरापर्यंत पट्ट्या. मला वाटले, आता तरी काही बोलतील.

"ताई, रंगात भेसळ असणार," ते म्हणाले. "चांगल्या रंगाने असं होत नाही."

मी संत्रे सोलून बहिणीच्या हातात दिले. वर्गात असते, तर बाकावर उभे केले असते.

मालकांनी त्यांना बडतर्फ केले नाही, घरी बसवले. गोदाम आता भाचीकडे आहे, कुंड्या फाटकाबाहेर आहेत आणि तांब्याची पट्टी काळीहिरवी आहे. टापटीपराव ते पाहायला एकदा गेले होते. आल्यावर बहिणीला म्हणाले, "रया गेली जागेची." ज्या लेकीने त्यांना आगीतून ओढले, तिच्याशी या विषयावर ते बोलत नाहीत.

त्यांची बोटे आता वळत नाहीत. सकाळी शर्टाची बटणे बहीण लावून देते, आणि कॉलर सरळ बसली नाही, तर ते तिला सगळी काढून पुन्हा लावायला सांगतात.