नादारीची सही

"मी नादार? माह्यावर कोनाचा एक पैसा नाई बाई, अन् तुम्ही मले नादार म्हन्ता?"

बाबांच्या आवाजानं विद्यापीठाच्या आवारातले निम्मे कावळे उडाले. उरलेले बहिरे झाले म्हणून बसून राहिले. खिडकीमागच्या बाईंनी मात्र पेनाचं टोपणसुद्धा हलवलं नाही.

"काका, हळू. शेजारी परीक्षा विभाग आहे. तिथली मुलं आधीच घाबरलेली असतात."

घोळ शब्दाचा होता. बाईंच्या भाषेत नादारी म्हणजे गरीब विद्यार्थ्याची फी माफ. आमच्या वऱ्हाडातल्या गावात नादार म्हणजे कोर्टानं दिवाळखोर ठरवलेला माणूस. तसा एक किराणावाला आम्ही पाहिला होता. दुकानाला सील लागलं आणि लोक त्याच्या म्हशीलाही ओळख दाखवीनात. बाबा गावचे शिंपी. पालकांची सही लागते म्हणून रात्रभर गाडीत उभे राहून पुण्याला आले होते, आणि आता पेन खाली ठेवून बसले होते. आज खिडकी बंद व्हायच्या आत सही झाली नाही, तर माझं कॉम्प्युटरचं शिक्षण तिथंच संपत होतं.

"बाबा, फक्त माफी मिळणार आहे हो," मी कळवळलो.

"माफी? गुन्हा काय केला बे तू?"

रांग खिदळली. "काका, जन्मठेप द्या याला!" असंही कुणीतरी मागून ओरडलं. मी मनातल्या मनात ट्रंक भरायला घेतली.

बाईंनी चष्म्यावरून बाबांच्या गळ्यातल्या टेपकडे पाहिलं. टेप घालूनच ते पुण्याला आले होते. माझ्या मते जन्मालाही घालूनच आले असावेत.

"काका, दिवाळीत शिलाईत सूट देता?"

"जुन्या गिऱ्हाइकाले द्याच लागते."

"घेणारा नादार असतो?"

"ह्या! तो तर आपला मानूस."

"मग ही तशीच सवलत समजा."

बाबा विचारात पडले. "किती टक्के?"

"शंभर."

"जमते," म्हणाले, आणि अशी झोकात सही केली की अख्खं विद्यापीठच विकत घेतलं म्हणावं.

मग मी त्यांना आमची लॅब दाखवली. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. काचेतून ते बराच वेळ बघत राहिले. "यंत्राले गारवा, अन् पोट्ट्याइले उकाडा?" एवढंच बोलले. आज मी दिवसभर तसल्याच गारव्यात बसतो. फीच्या सवलतीचे अर्ज आता घरबसल्या भरता येतात, कुणाला कुणावर ओरडावं लागत नाही. पण बँकेत, बस थांब्यावर, कुठंही कुणी वऱ्हाडीत आवाज चढवला की माझी मान गर्रकन वळते. ते बाबा नसणार हे ठाऊक असूनही वळते.

त्या संध्याकाळी त्यांना सोडायला स्टेशनवर गेलो. पुण्याबद्दल मी गावात इतक्या थापा मारून ठेवल्या होत्या की त्यातल्या दोन-तीन तरी खऱ्या करून दाखवायच्या होत्या. शिवाय नुसतंच त्यांच्या शेजारी झोपायचं होतं. गाडी लागली तेव्हा मी त्यांची बाही धरली.

"थांबा ना बाबा दोन दिवस. नाहीतर पुढच्या महिन्यात या परत."

"सही झाली ना? मंग आता माहं काय काम हाय इथं?"