धुळीचं माप

माझ्या मोठ्या भावानं उभ्या जन्मात बिडी ओढली नाही. चांद्याजवळच्या कोळसा खाणीत तो चाळणीवर कोळसा चाळायचा. खोकला लागला, तेव्हा तिथल्या असिस्टंट मॅनेजरनं त्याला चाळणीवरच्या सगळ्या बायामाणसांसमोर सुनावलं, "कोळशानं कोणी खोकत नाही. बिडी सोड, खोकला जाईल." हातातला कागदही फडकवला. चाळणीवरच्या हवेत धूळ बेताचीच आहे, असं त्यात यंत्राच्या हवाल्यानं लिहिलं होतं. पुढच्याच आठवड्यात भावाला कामावरून काढलं.

वर्षभरानं त्याच साहेबाला धूळ मोजायला कारकून हवा होता. मी मॅट्रिक झालेला, अक्षर बरं. मी कोणाचा भाऊ हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पोटासाठी नोकरी धरली, असं मी घरी म्हणत असे. ते खोटं होतं.

यंत्र म्हणजे पितळेचा छोटा हातपंप. कळ दाबली की दट्ट्या सुटे, चमचाभर हवा आत ओढली जाई आणि तिच्यातली धूळ चिकट काचेवर ठिपक्यासारखी बसे. मग सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे. कपाटात तसंच एक नवं यंत्र पेटीबंद पडून होतं.

"ते राहू दे," साहेब म्हणाला होता. "माप जुन्यानंच घ्यायचं."

साहेब नागपूरला गेला त्या दिवशी मी दोन्ही यंत्रं चाळणीवर नेली. एकाच जागी, एकाच वेळी कळा दाबल्या. दहा वेळा. नव्याच्या काचेवर जेवढे कण, त्याच्या निम्मेही जुन्यावर नव्हते. नदीकाठच्या स्वच्छ हवेत दोघांत फारसा फरक दिसेना; धूळ वाढली की जुनं मागं पडे. शेवटी जुन्याच्या तोंडावर बोट ठेवून कळ दाबली. बोट आत ओढलं जायला हवं होतं, पण नुसतं गार लागलं. दट्ट्याचं चामडं वाळून तडकलं होतं, हवा पुरती आत येतच नव्हती. बदलायचं म्हटलं तर तासाभराचं काम.

मी ते बदललं नाही. होळीनंतर खाण निरीक्षक येणार होते. तीन महिने मी जुन्याचं माप साहेबाच्या कागदावर लिहिलं आणि दोन्हींची मापं चोरून माझ्या वहीत. तो कागदावर सही करी तेव्हा मी त्याच्या हाताकडे पाहत उभा राही. अशी सुखाची नोकरी मला पुन्हा मिळाली नाही.

निरीक्षकांनी कागद वाचले, मान हलवली. ते उठणार तोच मी म्हणालो, "साहेब, दोन्ही यंत्रं एकदा शेजारी ठेवून बघता का?"

त्यांनी स्वतः कळा दाबल्या, स्वतः कण मोजले, पुन्हा मोजले. "हे कधीपासून असं आहे?"

मी वही पुढं केली.

असिस्टंट मॅनेजरनं माझ्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तू कोणाचा माणूस आहेस?"

"ज्याले तुम्ही बिडी सोड म्हटलं होतं, त्याचा भाऊ."

त्याची नोकरी गेली. जायच्या आधी भर दुपारी तो माझ्या खोलीवर आला. चामडं परवाच फाटलं, एवढं लिहून दे म्हणाला. मुलींची लग्नं व्हायची होती त्याच्या. मी त्याला पाणी दिलं, बसायला चटई दिली. लिहून दिलं नाही.

त्या रविवारी गावी जाऊन जेवताना भावाला सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं.

"तुले कवापासून मालूम होतं?" त्यानं विचारलं.

"तीन महिने झाले."

हातातला घास त्यानं ताटात ठेवला. "तीन महिने त्या बाया तिथीच कोयसा चाळून राह्यल्या होत्या."

"त्याले धडा शिकवायचा होता, भाऊ. तुह्यासाठी."

"म्या सांगतलं होतं का तुले?" तो म्हणाला. मग माझं ताट पुढं सरकवून म्हणाला, "जेव आता."

चाळणीवर पाण्याचे फवारे बसले. भावाला परत बोलावणं आलं, पण तो गेला नाही. तळ्यावर मासे धरू लागला. चाळणीवरच्या बायांपैकी एकीला त्याच उन्हाळ्यात खोकला लागला. ती आमच्याच गावची. साहेबाचा उतरलेला चेहरा आठवला की मला अजूनही बरं वाटतं. तिच्या दारावरून मात्र मी पुढं कधी गेलो नाही. तळ्याच्या पाळीवरून वळसा घालून घर गाठायचो.