मुकेशचा बापूस

गंजाड गावची लाडकी ही बाई फटकळ तोंडाची, तलाठ्यालाही सोडत नाही. पण नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "मुकेशचा बापूस." एकाहत्तरच्या लढाईत तो मेला तेव्हा मुकेश पोटात होता. तार आली, मढं आलं नाही.

यंदा मुकेशला बापाच्या पलटणीतला एक म्हातारा भेटला. सीमेजवळच्या एका गावात लोकांनी तिघांना शेताच्या कडेला पुरलं होतं, त्यात आपला बापूसही होता, हे मुकेशला त्याच्याकडून कळलं. तो आईला घेऊन तिथे गेला. तीन उंचवटे होते. कुठला कुणाचा, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

लाडकीने पिशवीतून मोहाच्या दारूची बाटली काढून बूच उघडलं. घरी दारू पिण्याआधी मेलेल्याच्या नावाने चार थेंब जमिनीवर सोडतात. इथे सोडायचे कुठे? ती चिडली.

"चिमण!" ती पहिल्या उंचवट्यापाशी ओरडली. मग दुसऱ्यापाशी, मग तिसऱ्यापाशी. आईच्या तोंडून बापाचं नाव मुकेशने पहिल्यांदाच ऐकलं.

तिन्हींकडे तिने कान देऊन पाहिलं. मग तिने बाटलीला बूच लावलं.

"ओ कशी देईल? माझ्या तोंडचं नाव त्याने ऐकलंय कुठे?"