तक्रारदाराचं अक्षर

यजमानांना जाऊन आठ महिने झाले. परवा कापडी पिशवी धुवायला काढली, तर तळाशी त्यांच्या हातची भाजीची यादी निघाली. पडवळ, आलं, लिंबं चार. ती वाचत मी बराच वेळ उभी राहिले, आणि मला धायरीचे ते गृहस्थ आठवले.

तेव्हा मी एका सरकारी कार्यालयात जन माहिती अधिकारी होते. माहितीच्या अधिकारातले अर्ज माझ्याकडे येत. कायदा कलमांसकट पाठ होता आणि त्याचा मला अभिमानही होता. गृहस्थांचा अर्ज दोन ओळींचा होता. त्यांच्या दिवंगत पत्नीने सोसायटीच्या पाण्याबद्दल आमच्याकडे हाताने लिहून तक्रारी दिल्या होत्या. ते मूळ कागद त्यांना एकदा पाहायचे होते.

"तक्रारदार त्या होत्या, आपण नाही," मी म्हणाले. "त्रयस्थ व्यक्तीची माहिती दाखवता येत नाही."

"त्रयस्थ? अहो बाई, एकेचाळीस वर्षं तिच्या हातचा चहा प्यायलो. त्रयस्थाला एवढा चहा कोण पाजतं, तेही पुण्यात?"

शेजारच्या टेबलावरचे कारकून हसले. मीही हसले.

"घरात तिचं लिहिलेलं काही नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "वह्या रद्दीत गेल्या. मीच घातल्या. मन लावून लिहिलेलं सगळं तुमच्याकडेच आलं."

मी अर्ज नाकारला.

त्यांनी अपील केलं. माझ्या वरिष्ठांनी सुनावणीत दोन मिनिटांत सांगितलं, कागद दाखवा. मी अभिलेख कक्षात गेले, तर गठ्ठा नव्हता. निकाली तक्रारी मुदत संपली की नष्ट करतात. त्या वर्षीच्या यादीवर सही माझीच होती, अर्ज नाकारल्यानंतर नऊ दिवसांनी केलेली. अपिलाची मुदत असेपर्यंत कागद राखून ठेवायचे असतात, हे मला माहीत होतं. पण नाकारलेला अर्ज माझ्या लेखी संपला होता.

ठरल्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले. रुमालात गुंडाळून भिंग आणलं होतं. मी जे घडलं ते सांगितलं. सहीसुद्धा माझीच, हेही सांगितलं.

"काहीच उरलं नाही?"

आवक नोंदवही उरली होती. मी त्यातली ओळ दाखवली. त्यांच्या पत्नीचं नाव, तारीख, विषय पाणीपुरवठा. त्यांनी भिंग धरून ती ओळ सावकाश वाचली.

"हे कारकुनाचं अक्षर," ते म्हणाले, आणि वही मिटली.

कागद पाहिल्याबद्दल अर्जदाराची सही घ्यायची असते. मला मागवेना. त्यांनीच तो कागद पुढे ओढला.

"द्या इकडे. तुमचं तरी प्रकरण निकाली निघू दे."

ते जिना उतरेपर्यंत मी थांबले. मग त्यांच्या सहीखाली 'निकाली' असं लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, असं कार्यालयात सगळे म्हणत.