पोटरी सुटेपर्यंत

निवृत्त झाल्यावर माझा स्वभाव सुधारला, असं दिवेआगरात सगळ्यांचं मत झालं होतं. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली, पण रस्त्यात थांबून कुणाची विचारपूस केल्याचं मला आठवत नाही. आणि आता गुरुजी फाटकाफाटकाशी थांबतात, गडग्याला टेकतात, लेकीसुनांची चौकशी करतात! "पेन्शन लागली आनी गुरुजी मानसात आले," असं चौकातला किराणावाला माझ्या तोंडावर म्हणाला. मी हसून घेतलं. त्यातल्या एकाशीही मला बोलायचं नव्हतं.

मला थांबवत होती माझी उजवी पोटरी. घरून निघालं की दीडशे-दोनशे पावलांवर तिच्यात गोळा यायचा, कुणीतरी मुठीत धरून पिळल्यासारखा. थांबलं की तीन-चार मिनिटांत सुटायचा. पुन्हा तेवढीच पावलं, पुन्हा गोळा. आमच्या रस्त्याला दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि त्यांना चिऱ्याचे कमरेइतके गडगे आहेत, त्यामुळे टेकायला जागा भरपूर. पण दुसऱ्याच्या गडग्याला उगाच टेकून उभा राहिलेला माणूस कसा दिसतो? म्हणून बोलायचं.

पहिल्या फाटकाशी एक म्हातारबुवा असायचे. चक्रीवादळात त्यांची कुठली पोफळ कुठल्या अंगाला पडली, हे ते रोज सांगायचे. मला ती सगळी पडझड पाठ झाली होती. जावंसं वाटे, पण पोटरी सुटलेली नसे. मग मीच विचारायचो, "आणि विहिरीजवळची?" की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू. माझ्यासारख्या चिडक्या माणसाला याहून मोठी शिक्षा नव्हती. संध्याकाळी दूध आणायला बायको बरोबर असायची. तीही गडग्याला टेकायची, एक शब्द न बोलता. माझी लाज राखायला ती थांबते, असं मी धरून चाललो होतो.

डॉक्टरकडे का गेलो नाही? वय झालं, वात असेल, हे लोकांना सांगायचं कारण. खरी कारणं दोन. डॉक्टर बिडी सोडायला लावणार, हे एक. शाळेच्या भिंतीवर तंबाखूविरुद्धची पाटी मी स्वतःच्या हाताने रंगवली होती आणि तिच्याच मागे उभा राहून बिडी ओढत होतो. दुसरं कारण कळंबोलीला राहणारा मुलगा. त्याला कळलं असतं तर त्याने आम्हाला उचलून चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवलं असतं. त्या कोंडीत पडायचं नाही म्हणून मी पाय लपवला आणि इथल्या इथेच कोंडला गेलो. दोन वर्षांत दीडशे पावलांची साठ झाली. आधी चौक सुटला, मग दूध बायको एकटी आणू लागली. शेवटी मी पडवीतल्या खुर्चीत बसून रस्ता बघत राहायचो. फार एकटं वाटायचं. म्हातारबुवांच्या पोफळींचीसुद्धा आठवण यायची, म्हणजे बघा.

पाऊल गार पडायला लागलं. नडगीवरचे केस गेले, नखं जाड झाली. बायको म्हणाली, शेक घेऊ या. आमच्याकडे घरोघरी चालतो तो शेक म्हणजे समुद्राची वाळू तव्यावर तापवायची आणि जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधून दुखऱ्या जागेवर फिरवायची. तिने पोटरीपासून बोटांपर्यंत फिरवली. मला काहीच कळेना. "अजून गरम कर," मी म्हणालो. "चटका बसंल," ती म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो. तिने वाळू पुन्हा तव्यावर घातली.

दुसऱ्या दिवशी पायाच्या करंगळीवर फोड होता. तो फुटला, चिघळला. हळद झाली, खोबरेल झालं. तीन आठवड्यांत करंगळी काळी पडली. तेव्हा कुठे मी बायकोबरोबर रिक्षात बसून म्हसळ्याला गेलो.

तिथली डॉक्टरीण माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिने जखम बघितलीच, पण आधी चार बोटं माझ्या पावलावर ठेवली, मग घोट्याच्या मागे, मग दुसऱ्या पायावर. मलाही दाखवलं, नाडीचा ठोका कुठे लागायला हवा ते. डाव्या पावलावर बारीकसा लागला. उजवं पाऊल गप्प. मग दंडाचं प्रेशर बघतात तसं तिने घोट्याचं बघितलं. हाताच्या जवळजवळ निम्मं.

"चालताना किती दिवसांपासून थांबावं लागतंय?" तिने विचारलं.

"दोन वर्षं," मी म्हणालो. ते मोठ्याने बोलताना मला शरम वाटली.

"वाडीत पाटाने पाणी सोडता ना, गुरुजी? मध्ये गाळ साचला तर शेवटच्या झाडाला पाणी पोचेल का? तुमच्या पायाच्या रक्तवाहिनीत तसा गाळ साचलाय. तो एकाच जागी साचतो असं नाही. हृदयाच्या, मेंदूच्या वाहिन्यांतही असू शकतो. पोटरी तुम्हाला दोन वर्षं तेच सांगत होती. आत्ता मी केलं ना, ते तेव्हाही दहा मिनिटांचंच काम होतं." ती तंबाखूबद्दल बोलायला लागल्यावर मी मान खाली घातली. बायकोनेही घातली.

डॉक्टरणीने मुंबईला पाठवलं. तिथे जांघेतून तार घालून अडलेली वाहिनी उघडली, आत जाळी बसवली. करंगळी काढावी लागली. आठ दिवस उशीर झाला असता तर पाऊल गेलं असतं, असं तिथले सर्जन म्हणाले. बायको त्या दिवसापासून करंगळीच्या जागेकडे बघायची नाही. वाळू मीच पुन्हा तापवायला लावली होती, हे मी तिला कितीदा सांगितलं. तिला ते पटत नाही.

जखम भरायला अडीच महिने लागले. बिडी सुटली. रोज चालायचं, दुखलं तर थांबायचं, पुन्हा चालायचं, असं औषधच लिहून दिलेलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं दुधाला निघालो. म्हातारबुवांचं फाटक आलं आणि मागे पडलं. पोटरी गप्प! दुसरंही फाटक गेलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. "बघितलंस का?" म्हणत वळलो, तर शेजारी कोणी नाही.

ती मागे पहिल्या फाटकाशीच होती. गडग्याला टेकून पोटरी दाबत होती.

मी परत गेलो. "काय झालं गं?"

"काय न्हाय. तुमी व्हा फुडं. वाईच थांबलं की सुटते."

"कधीपासून?"

"तुमचं सुरू झालं त्याच्याच आगंमागं. तुमी थांबायचा, ते मला बरं पडायचं." ती जरा हसली. "आता तुमी थांबतच न्हाय."

मला स्वतःचा संताप आला. दोन वर्षं मी माझी पावलं मोजली. शेजारी चालणाऱ्या बाईची मोजली नाहीत. चाळीस वर्षं ती सकाळ-संध्याकाळ तंबाखूची मिसरी लावते, आणि डॉक्टरीण तंबाखूचं बोलत होती तेव्हा मी फक्त माझ्या बिडीचा विचार करत होतो.

"सांगितलं का नाहीस?" मी ओरडलोच.

"दोघं बी पडल्यावर तुमचं करायचं कोनी?"

मी तिथेच रस्त्यात उकिडवा बसलो आणि तिच्या पावलाला हात घातला. तिने पाऊल मागे ओढलं. "अवो, पायाला काय हात लावताव! लोकं बगतायत."

"बघू देत."

डाव्या पावलावर ठोका लागला. उजव्या पावलावर मी चार बोटं ठेवली, सरकवली, पुन्हा ठेवली. ती गडगा घट्ट धरून माझ्याकडे बघत होती.

"लागला?" तिने विचारलं.

"उद्या सकाळच्या गाडीने म्हसळ्याला जायचं," मी म्हणालो.