मामांची लाल-पांढरी पट्टी

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका माणसाच्या कातडीकडे निरखून बघणारा आणि त्या नादात चेहऱ्याकडे बघायचं विसरणारा दुसरा माणूस आमच्या अख्ख्या गोतावळ्यात नाही. बोईसरच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी सेफ्टी खात्यात सारी नोकरी काढली. निवृत्त होऊन शिरगावच्या वाडीत नारळ-केळी सांभाळायला परतले, ते धोक्याच्या जागेभोवती लावतात ती लाल-पांढरी प्लास्टिकची पट्टी आणि ती बांधायची सवय, दोन्ही घेऊनच. घरात कुणाच्या अंगावर पाण्याने भरलेला एक फोड दिसला, की त्याच्या खोलीच्या दाराला पट्टी लागलीच. पाहुण्याला "या, बसा" म्हणायच्या आधी ते तळहात दाखवायला सांगत. दांडी गावच्या एक नातेवाईक बाई कौतुकाने कोलंबी घेऊन आल्या, तर मनगटावरचा फोड पाहून मामांनी त्यांना पायरीवरच उभं केलं. बोंबील तळताना तेल उडालं होतं, एवढंच त्यांना सांगायचं होतं. ते मामांना पटेपर्यंत कोलंबी वास मारायला लागली होती. त्या बाई पुढे बरेच दिवस फिरकल्या नाहीत.

पण मामांची टिंगल करताना जरा जपून करावी लागते. माझी मुलगी बालवाडीत होती तेव्हा एकदा तिला ताप आला, तोंडातून लाळ गळू लागली, घास तोंडात घेईना. उष्णतेने तोंड आलं असेल म्हणून आम्ही गुलकंद भरवत बसलो. मामांनी फोनवर व्हिडिओ लावून तिचे तळपाय कॅमेऱ्यासमोर धरायला लावले. तळव्यांवर बारीक फोड होतेच. घाबरायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं, घोटघोट पाणी पाजत राहायचं, पेला-चमचा वेगळा, बरी होईपर्यंत शाळा बंद, अशी सगळी ऑर्डर सुटली. डॉक्टरांनीही जवळजवळ तेच सांगितलं. मामांनी मात्र संध्याकाळी पुन्हा फोन करून आमच्या दाराला पट्टी लावली का, ते विचारलं.

मुलासाठी मुलगी बघायला घाटावर गेले, तिथेही मुलीला स्वयंपाक येतो का, नोकरी करणार का, हे विचारायचं सोडून त्यांनी पहिला प्रश्न केला, कांजिण्या झाल्यात का? ती बिचारी नाही म्हणाली. येताना गाडीत मामा गप्प. पोरगी पसंत नाही की काय, म्हणून मामींनी विचारलं, तर म्हणाले, "पोर लाखात एक हाय. फक्त कांजिण्या राहिल्यात." लग्नानंतर तिला लस द्या म्हणून त्यांनी मुलाच्या मागे टुमणं लावलं. सगळे हसले, आज-उद्या करत ते राहून गेलं, आणि सुनेला दिवस गेले.

मामींचा कारभार वेगळा. त्यांच्या लेखी कांजिण्या म्हणजे देवी घरी पाहुणी आलेली. दाराला कडुलिंबाचा टाळा बांधायचा आणि पाहुणी निरोप घेईपर्यंत घरात फोडणी द्यायची नाही. मुलाच्या लग्नाआधी एकदा सुट्टीला आलेल्या लेकीच्या मुलांना कांजिण्या आल्या, तेव्हा एकाच दाराला पट्टी आणि टाळा शेजारी शेजारी लटकत होते. मामा बिनफोडणीचं वरण पुढे ओढत म्हणत, जंतूंना फोडणीचं काय कळतंय. तरी जेवत निमूट.

सून आठव्या महिन्यात माहेरी न जाता शिरगावलाच राहिली होती, तेव्हाची गोष्ट. शेवग्याखाली काम करून आल्यावर मामांच्या पाठीची एक बाजू जळजळायला लागली. सुरवंट लागला म्हणून ते खोबरेल चोळत बसले. सगळ्या गावाची कातडी तपासणाऱ्या माणसाला स्वतःची पाठ दिसणार कशी? मामींनी सदरा वर केला आणि म्हणाल्या, नागीण आहे. मामांना उलट हायसं वाटलं. नागीण ज्याची त्याला, ती दुसऱ्याला लागत नाही, अशी त्यांची पक्की समजूत. मी तेव्हा शिरगावला आलो होतो, मीच त्यांना बोईसरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, की लहानपणी कांजिण्या झाल्या, त्याच विषाणूने आता नागीण म्हणून डोकं वर काढलंय. तो इतकी वर्षं तुमच्या अंगातच झोपून होता. ज्याला कांजिण्या झाल्या नाहीत, त्याला या फोडांच्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. फोड झाकून ठेवा, आणि सगळ्यांवर खपल्या धरेपर्यंत सुनेपासून लांब राहा.

घरी आल्यावर मामा पायरीसुद्धा चढले नाहीत. थेट मागच्या वाडीत, मोटारपंपाच्या खोलीत गेले आणि दाराला आतून पट्टी बांधली. जेवणाचं ताट मामी बाहेरच्या दगडावर ठेवत. कण्हणं मात्र घरापर्यंत ऐकू येई. सुनेला तिच्या डॉक्टरांना दाखवलं, रोज तिचं अंग बघितलं जाई. फोड आला नाही. पण दिवस भरायच्या आधीच तिला कळा लागल्या, आणि पालघरला मुलगा झाला.

बाळ घरी आलं तोवर मामांच्या खपल्या गळून गेल्या होत्या. डॉक्टरांनी आता खुशाल जवळ घ्या म्हणून सांगितलं. तरी मामा खोलीबाहेर येईनात. बाळ बघायला आलेला मी समजवायला गेलो तर पट्टीच्या आतूनच बोलले.

"मला लहानपणी कांजिण्या आल्या, तवा सगळा गाव पाया पडायला आला. आईने धाकट्याला माझ्या मांडीवर ठेवला. तान्हा होता. देवीचा हात फिरू दे म्हणाली. मी फिरवला हात. त्याला पण आल्या, आन तो गेला." मग म्हणाले, "तेच अजून माझ्या अंगात हाय, डॉक्टर बोलला ना तुझ्यासमोर."

मी तसाच स्वयंपाकघरात आलो आणि मामींना सगळं सांगितलं. त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी दारावरचा कडुलिंबाचा टाळा काढला. नवऱ्याला नागीण झाल्यापासून त्या घरात फोडणी पडली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मामींनी कढई चढवली, तेल तापवलं, मोहरी टाकली, मग मूठभर ठेचलेला लसूण. ती चरचर आणि तो वास पार वाडीत गेला असावा.

थोड्या वेळाने मामा मागच्या दारात येऊन उभे राहिले. फोडणीच्या नियमाला हसणारा तो माणूस कढईकडे बघत राहिला. मग साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, पुन्हा धुतले, आणि सुनेपुढे पसरले. तिने बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं. मामांनी त्याचे तळवे बघितले नाहीत. बराच वेळ नुसता त्याचा चेहराच बघत होते.

"बारसं लवकर करा," म्हणाले. "आमचा तो बिननावाचाच गेला."